हरवलेल्या फायली व ताळ्याचे गणित

१. विषयप्रवेश

शाळेत गणित शिकविताना गुरुजी विद्यार्थ्यांस उत्तराबरोबर ताळाही करावयास लावतात. ताळा हा उत्तराचा भाग नव्हे. तो केला नाही तरी उत्तर बदलत नाही. परंतु कोठे चूक झाली असल्यास ती उघडकीस आणण्याचे काम ताळाच करतो. दुकानदाराच्या रोजकिर्दीत पानाच्या तळाशी जी बेरीज मांडलेली असते, तिचा उपयोग याहूनही मोठा आहे. पानावरील एखाद्या रकमेवर शाई सांडून ती वाचता येईनाशी झाली, तर उरलेल्या रकमा बेरजेतून वजा करून ती नाहीशी झालेली रक्कम पुन्हा मिळविता येते. ताळ्याने चूक समजते; तळच्या बेरजेने गेलेली रक्कमच हाती येते.

आज आपली पत्रे, छायाचित्रे, हिशेब, दस्तऐवज व ग्रंथसुद्धा संगणकाच्या डिस्कवर साठविले जातात. डिस्क हे यंत्र आहे आणि यंत्र म्हटले की ते केव्हातरी बिघडावयाचेच. म्हणून महत्त्वाची माहिती एकाच डिस्कवर न ठेवता अनेक डिस्कांच्या संचावर ठेवण्याची पद्धत रूढ झाली. असा संच एका पेटीत बसवून ती पेटी संगणकांच्या जाळ्यास जोडली, म्हणजे अनेकांस एकाच वेळी तिचा उपयोग करता येतो. व्यवहारात या पेटीस ‘नॅस’ व डिस्कांच्या संचास ‘रेड’ असे म्हणतात. अशा संचातील डिस्का निकामी झाल्या असता त्यावरील फायली कशा परत मिळवाव्यात, त्यामागील गणित कोणते आणि त्या गणिताच्या मर्यादा कोठे येतात, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

विषय समजावा म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. जबलपूर शहरातील घमापूर भागात एक लहानसे मराठी वाचनालय आहे असे समजा. जबलपूर १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि १८६१ साली स्थापन झालेल्या मध्यप्रांतात जबलपूर व नागपूर ही दोन्ही शहरे पुढे १९५६ पर्यंत एकाच शासनाखाली राहिली. तेव्हा तेथे मराठी वाचनालय असावे यात नवल नाही. या वाचनालयाने आपली जुनी इतिवृत्ते, हस्तलिखित वार्षिके व सभासदांनी दिलेली कौटुंबिक छायाचित्रे यांच्या संगणकीय प्रती काढून त्या चार डिस्कांच्या एका पेटीत ठेविल्या. मूळ कागदांपैकी पुष्कळसे वाळवीने खाल्ले. एके दिवशी पेटी बंद पडली. आता त्या फायलींचे काय करावयाचे?

२. डिस्कची रचना

डिस्कच्या आत काचेच्या अथवा ॲल्युमिनियमच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय पदार्थाचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. या थराच्या सूक्ष्म भागांचे चुंबकन एका दिशेस किंवा तिच्या उलट दिशेस करून ० व १ हे दोन अंक लिहिले जातात. अशा एका अंकास ‘बिट’ व आठ बिटांच्या गटास ‘बाइट’ म्हणतात. आयबीएम कंपनीने १९५६ साली रॅमॅक नावाचे जे पहिले डिस्क-यंत्र विक्रीस आणले, त्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या व त्यांवर सुमारे ५० लाख अक्षरे मावत असत. आज तळहातावर मावणाऱ्या ४ टेराबाइटच्या डिस्कमध्ये ४ लाख कोटी बाइट मावतात. म्हणजे सुमारे आठ लाख पटींनी अधिक.

अशा डिस्कची तबकडी मिनिटास बहुधा ५,४०० अथवा ७,२०० फेरे घेते. साडेतीन इंची डिस्कमधील तबकडीची कड ७,२०० फेऱ्यांच्या गतीने ताशी सव्वाशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असते. तिच्यावरून वाचन-लेखन करणारे शीर्ष अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवरून तरंगते. मनुष्याच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, हे लक्षात घेतले म्हणजे धुळीचा एक कणही या यंत्रास किती घातक ठरेल याची कल्पना येईल. म्हणूनच डिस्कचे झाकण घरी किंवा दुकानात उघडणे सर्वस्वी वर्ज्य आहे. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर शीर्षात दोष उत्पन्न झाला असण्याचा संभव असतो. अशी डिस्क ताबडतोब बंद करून, जेथील हवा धूलिरहित ठेवलेली असते अशा कार्यशाळेतच उघडावी.

३. एक ताळा, एक संकट

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एका मोठ्या व महाग डिस्कऐवजी अनेक लहान व स्वस्त डिस्का एकत्र वापराव्यात, असे त्यांचे प्रतिपादन होते. परंतु डिस्का वाढल्या की त्यांपैकी एखादी बिघडण्याचा संभवही वाढतो. म्हणून त्यांनी संचात जास्तीची माहिती ठेवण्याच्या निरनिराळ्या रीतींचे वर्गीकरण केले. ‘रेड’ हे नाव या निबंधापासून प्रचारात आले.

सर्वांत सोपी रीत म्हणजे प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर लिहिणे. तीत अर्धी जागा खर्ची पडते. दुसरी रीत ताळ्याची. समजा, तीन डिस्कांवर अनुक्रमे ४७, ३२ व ५६ हे आकडे लिहिले आहेत. चौथीवर त्यांची बेरीज १३५ लिहिली. आता दुसरी डिस्क नाहीशी झाली, तर १३५ मधून ४७ व ५६ वजा करावेत. ३२ हा आकडा परत मिळतो. चारांपैकी कोणतीही एक डिस्क गेली तरी उरलेल्या तिघींवरून ती पुन्हा तयार करता येते.

संगणक बेरजेऐवजी याहूनही सोपा नियम वापरतो. प्रत्येक स्तंभातील १ या अंकांची संख्या सम असावी, एवढाच तो नियम होय. उदाहरण पाहा :

पहिली डिस्क : १०११
दुसरी डिस्क : ०११०
तिसरी डिस्क : ११००
ताळा : ०००१

पहिल्या तीन स्तंभांत १ हा अंक दोन-दोन वेळा आला आहे, म्हणून ताळ्यात ०. चौथ्या स्तंभात तो एकदाच आला आहे, म्हणून ताळ्यात १ लिहून संख्या सम केली. आता दुसरी ओळ झाका आणि प्रत्येक स्तंभ सम होईल असे अंक भरून पाहा. ०११० हीच ओळ पुन्हा मिळेल.

ताळ्याची ओळ नेहमी एकाच डिस्कवर ठेवली तर प्रत्येक लेखनाच्या वेळी त्या डिस्कवर भार पडेल. यासाठी माहितीचे ठरावीक आकाराचे खंड करून ते आळीपाळीने सर्व डिस्कांवर मांडतात, आणि ताळ्याचा खंडही प्रत्येक ओळीत निराळ्या डिस्कवर येईल अशी योजना करतात. या रचनेस ‘रेड ५’ म्हणतात. आपल्या वाचनालयाच्या पेटीत ४ टेराबाइटच्या चार डिस्का अशाच रीतीने बसविल्या होत्या असे मानू. त्यांत १२ टेराबाइट माहिती मावते. उरलेले ४ टेराबाइट ताळ्यासाठी खर्च होतात.

जास्तीची माहिती जवळ ठेवून मूळ माहितीचे रक्षण करण्याची कल्पना आपल्याकडे फार जुनी आहे. वेदपाठकांनी पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ व घनपाठ अशा रीती योजल्या. घनपाठात तीन शब्द सुलट, उलट व पुन्हा सुलट अशा क्रमाने म्हटले जातात. त्यामुळे एखादा शब्द गळला किंवा बदलला तर तो लगेच ध्यानात येतो. कागदाविना शतकानुशतके मजकूर शुद्ध राहिला तो या पुनरुक्तीच्या बळावर.

४. दोन ताळे, दोन संकटे

एका ताळ्याने एकच संकट निवारते. दोन डिस्का एकदम गेल्या तर? त्यासाठी दोन निराळे ताळे ठेवावे लागतात. वरीलच आकडे घेऊ. पहिला ताळा म्हणजे साधी बेरीज, १३५. दुसऱ्या ताळ्यासाठी पहिल्या आकड्याची एकपट, दुसऱ्याची दुप्पट व तिसऱ्याची तिप्पट घेऊन बेरीज करू : ४७ + ६४ + १६८ = २७९.

आता दुसरा व तिसरा हे दोन्ही आकडे गेले असे समजा. पहिल्या ताळ्यावरून त्यांची बेरीज ८८ निघते. दुसऱ्या ताळ्यातून ४७ वजा केले की २३२ उरतात. ही दुसऱ्याची दुप्पट व तिसऱ्याची तिप्पट यांची बेरीज होय. २३२ मधून ८८ ची दुप्पट म्हणजे १७६ वजा करा. तिसरा आकडा ५६ मिळाला. मग दुसरा ३२ हे उघडच आहे. बीजगणितातील दोन समीकरणे सोडविण्याचीच ही क्रिया आहे. प्रत्यक्षात संगणक २५६ संख्यांच्या एका मर्यादित गणितात हा हिशेब करतो, म्हणजे उत्तरे कधीच एका बाइटाबाहेर जात नाहीत. अशा मर्यादित गणिताचा पाया फ्रान्समधील एव्हारिस्त गाल्वा (१८११–१८३२) या अल्पायुषी गणितज्ञाने घातला. दोन ताळ्यांच्या रचनेस ‘रेड ६’ म्हणतात.

५. चौरसांचे कोडे आणि आपल्याकडील दोन गणिती

या विषयाचा जबलपूरच्या परिसराशी एक नाते सांगणारा भाग आहे. शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांचा जन्म १९१७ साली सागर येथे झाला. पुढे ते मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाचे प्रमुख झाले आणि २०२० साली, वयाच्या १०३ व्या वर्षी, निवर्तले. त्यांचे गुरू राजचंद्र बोस यांचा जन्म १९०१ साली नर्मदाकाठच्या होशंगाबाद (आता नर्मदापुरम्) येथे झाला. लिओनार्ड ऑयलर याने १७८२ साली जादूच्या चौरसांशी संबंधित असे एक अनुमान मांडले होते. १९५९ साली बोस व श्रीखंडे यांनी, आणि त्यांच्याबरोबर अर्नेस्ट पार्कर यांनी, ते अनुमान खोटे असल्याचे सिद्ध केले. त्या वर्षी २६ एप्रिल रोजी न्यूयॉर्क टाइम्सने ही वार्ता पहिल्या पानावर छापली.

हे चौरस म्हणजे काय, ते पाहा. खालील दोन्ही चौरसांत प्रत्येक ओळीत व प्रत्येक स्तंभात १, २, ३ हे अंक एकेकदाच येतात :

पहिला : १२३ / २३१ / ३१२
दुसरा : १३२ / २१३ / ३२१

एक चौरस दुसऱ्यावर ठेवला तर अंकांच्या जोड्या तयार होतात : पहिल्या ओळीत ११, २३, ३२, दुसरीत २२, ३१, १३, तिसरीत ३३, १२, २१. नऊही जोड्या भिन्न आहेत. हाच या चौरसांचा विशेष गुण होय.

आता ओळीचा क्रमांक एका डिस्कवर, स्तंभाचा क्रमांक दुसरीवर, पहिल्या चौरसातील अंक तिसरीवर व दुसऱ्या चौरसातील अंक चौथीवर लिहिला असे समजा. यांपैकी कोणत्याही दोन डिस्का शिल्लक राहिल्या तरी पुरे. समजा, फक्त ३ व १ हे चौरसांतील अंक उरले. ३१ ही जोडी दुसऱ्या ओळीत, दुसऱ्या स्तंभातच आहे, म्हणून दोन्ही हरवलेले क्रमांक मिळाले. समजा, ओळ ३ व पहिल्या चौरसातील अंक १ एवढेच उरले. तर स्तंभ २ व दुसऱ्या चौरसातील अंकही २. अशा रीतीने निव्वळ कोडे वाटणाऱ्या चौरसांत दोन संकटांतून तारणारी साठवण-रचना लपलेली आहे.

बोस व श्रीखंडे यांनी १९५९ मध्येच चुका दुरुस्त करणाऱ्या संकेतांच्या रचनेवर एक निबंध लिहिला. १९६० साली बोस व द्विजेंद्र राय-चौधुरी यांनी संकेतांचे एक महत्त्वाचे कुल शोधून काढले. फ्रान्समधील ऑकेंगेम यांनी तेच १९५९ साली स्वतंत्रपणे शोधले होते. १९६० मध्येच अमेरिकेतील आयर्विंग रीड व गुस्ताव सॉलोमन यांचे संकेत प्रसिद्ध झाले. मोठमोठ्या साठवण-केंद्रांत आज हे गणित अखंड राबत असते.

६. संच का कोसळतो?

इतका बंदोबस्त असूनही संच निकामी होतात. त्याची कारणे अशी :

पहिले कारण म्हणजे दुर्लक्ष. एक डिस्क गेली तरी पेटी काम करीतच राहते. बाहेर केवळ एक दिवा लागतो. तो कोणी पाहिला नाही तर संच ताळ्याच्या आधाराविना महिनोन्‌महिने चालतो आणि दुसरी डिस्क जाताच सर्व थांबते.

दुसरे कारण म्हणजे पुनर्रचनेचा भार. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसविली की उरलेल्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदास १५० मेगाबाइट या गतीने वाचावयास सात तासांहून अधिक वेळ लागतो; पेटीचा नित्य वापर चालू असला तर याच्या कितीतरी पट. पुष्कळ साध्या डिस्कांविषयी निर्माते असे सांगतात की, १ वर १४ शून्ये इतके बिट वाचताना न वाचता येणारा भाग फार तर एकदा आढळेल. तीन डिस्का, म्हणजे १२ टेराबाइट, वाचणे याचा अर्थ ९६ लाख कोटी बिट वाचणे; ही संख्या त्या मर्यादेच्या अगदी जवळ येते. प्रत्यक्ष डिस्का बहुधा यापेक्षा चांगल्या निघतात. परंतु ज्या वेळी ताळा शिल्लक नाही त्याच वेळी सर्वाधिक वाचन करावे लागते, हा या पद्धतीतील धोका आहे.

तिसरे कारण विजेचे. एखादा खंड लिहिला गेला आणि त्याचा ताळा लिहिण्यापूर्वीच वीज गेली, तर माहिती व ताळा यांचा मेळ राहात नाही. पावसाळ्यात वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी पेटीस बॅटरीचा आधार देणे यासाठीच आवश्यक आहे.

डिस्क बिघडण्यापूर्वी इशारा देते काय? गूगल कंपनीच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचन-तपासणीत पहिला दोष आढळल्यावर पुढील ६० दिवसांत डिस्क निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट असतो, असे त्यांस दिसून आले. परंतु निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. तात्पर्य, इशारा मिळाला तर तो मानावा. पण इशारा मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

७. परत मिळविण्याची रीत

संच बंद पडला असता पाळावयाचे नियम येणेप्रमाणे :

(१) प्रथम थांबावे. पेटी बंद करावी. ‘नव्याने सिद्ध करा’, ‘दुरुस्त करा’, ‘पुनर्रचना करा’ अशी सूचना पडद्यावर आली तरी ती स्वीकारू नये. बिघाडापेक्षा घाईने केलेल्या उपायांनीच अधिक फायली नष्ट होतात. कारण त्या उपायांत डिस्कवर नवे लेखन होते, आणि ज्यावर लेखन झाले ते परत मिळत नाही.

(२) प्रत्येक डिस्क बाहेर काढण्यापूर्वी ती कोणत्या खणात होती तो क्रमांक तिच्यावर लिहावा. चार डिस्का २४ प्रकारांनी मांडता येतात. त्यांतील एकच मांडणी खरी असते.

(३) प्रत्येक डिस्कची बिट-बिट हुबेहूब नक्कल दुसऱ्या निरोगी डिस्कवर करावी. ‘डीडीरेस्क्यू’ नावाची एक मुक्त आज्ञावली यासाठी प्रसिद्ध आहे. ती प्रथम सहज वाचता येणारे भाग उतरवून घेते, अडखळणारे भाग मागे ठेवते, आणि मग पुन्हापुन्हा त्यांच्याकडे वळते. कोठे काय राहिले याची नोंदही ती ठेवते. मरणोन्मुख डिस्ककडून आधी सोपे ते मिळवावे, कठीण ते शेवटी, हे तिचे धोरण आहे.

(४) यापुढील सर्व प्रयोग नकलांवर करावेत. मूळ डिस्का बाजूस ठेवाव्यात.

(५) संचाची रचना ओळखावी. अनेक पेट्या लिनक्स प्रणालीवर चालतात व प्रत्येक डिस्कवर एक लहानसा माहिती-पत्रक लिहून ठेवतात. संचाची ओळख, डिस्कचा क्रम, खंडाचा आकार आणि घटनांचा क्रमांक या गोष्टी त्यात असतात. घटनांचा क्रमांक संचाच्या स्थितीत होणाऱ्या बदलांबरोबर वाढत जातो. ज्या डिस्कवरील क्रमांक मागे राहिला, ती इतरांच्या आधी संचातून गळाली असे समजावे.

(६) नकला केवळ वाचनासाठी जोडून फायली पडताळाव्यात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. खंडाचा आकार ६४ किलोबाइट असेल, तर त्याहून लहान फाइल डिस्कांचा क्रम चुकला तरी नीट उघडू शकते, कारण ती एकाच खंडात मावते. म्हणून मोठे छायाचित्र उघडून पाहावे. क्रम चुकला असेल तर चित्राचा वरचा पट्टा ठीक दिसून पुढे सर्व विस्कळीत होईल.

(७) फायलींची सूचीच नष्ट झाली असेल तर शेवटचा उपाय उरतो. ग्रंथालयाचे सूचिपत्र जळाले तरी कपाटातील पुस्तके नष्ट होत नाहीत. मुखपृष्ठे पाहून ती ओळखता येतात. तद्वतच निरनिराळ्या प्रकारच्या फायलींच्या प्रारंभी ठरावीक खुणेचे बाइट असतात. ‘फोटोरेक’सारख्या आज्ञावल्या या खुणा शोधून फायली वेगळ्या काढतात. मात्र फायलींची नावे व त्यांचे कप्पे या रीतीने परत येत नाहीत, आणि ज्या फायली तुकड्यातुकड्यांनी साठविल्या होत्या त्या अपुऱ्या निघतात.

८. घमापूरचे उदाहरण

आता आपल्या कल्पित वाचनालयाकडे वळू. चार डिस्कांच्या नकला करताना असे आढळले : पहिली व तिसरी डिस्क निर्दोष आहेत. दुसरीही पूर्ण वाचता येते, परंतु तिचा घटना-क्रमांक फार मागे आहे. ती मार्च महिन्यातच संचातून गळाली होती व दिवा कोणाच्या दृष्टीस पडला नाही. चौथी डिस्क जुलैतील एका वादळी रात्री बिघडली. तिचा काही अल्पसा भाग सोडून बाकी सर्व उतरवून घेता आले.

अननुभवी मनुष्य येथे म्हणेल की, पहिली, दुसरी व तिसरी या तीन डिस्का पूर्ण वाचता येतात, तेव्हा त्यांवरूनच संच उभा करावा. ही मोठी चूक होईल. दुसऱ्या डिस्कवर मार्चमधील स्थिती आहे, इतर दोघींवर जुलैमधील. मार्चनंतर बदललेल्या प्रत्येक ओळीत जुने व नवे यांची भेसळ होऊन ना जुनी फाइल मिळेल, ना नवी. फायलींची सूची तर नित्य बदलत असते, म्हणून सूचीच प्रथम बिघडेल.

योग्य मार्ग असा की पहिली, तिसरी व चौथीची नकल यांवरून संच उभा करावा आणि दुसरी बाजूस ठेवावी. असे केल्याने जवळजवळ सर्व फायली मिळतात. राहतात त्या चौथ्या डिस्कच्या न वाचलेल्या भागात सापडलेल्या थोड्या फायली.

येथे जुनी डिस्क पुन्हा उपयोगी पडते. वाचनालयातील बहुतेक छायाचित्रे पूर्वीच उतरविलेली होती व मार्चनंतर त्यांस कोणी हात लावला नव्हता. ज्या ओळी मार्चनंतर बदलल्याच नाहीत, त्यांच्यापुरती दुसरी डिस्क जुनी नव्हेच. ती खरीच आहे. अशा ओळीत पहिली, दुसरी व तिसरी यांवरून चौथीचा हरवलेला खंड ताळ्याने काढता येतो. ओळ बदलली की नाही हे कसे ओळखावे? त्या स्थानाच्या आगेमागे जेथे चारही डिस्का वाचता येतात, तेथे प्रत्येक स्तंभातील १ ची संख्या सम आहे काय ते पाहावे. सम असेल तर तो भाग मार्चपासून तसाच आहे असे मानण्यास आधार मिळतो. अखेरचा निर्णय मात्र फाइल प्रत्यक्ष उघडून व तिची तारीख पाहूनच करावा.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेऊन १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही विचारपद्धती ओळखीची वाटेल. तेथेही शेकडो हस्तलिखिते ताडून पाहिली गेली. कोणती प्रत कोणत्या परंपरेतील, कोठे ती विश्वसनीय व कोठे नाही, हे प्रत्येक स्थळी तपासावे लागले. एखादी प्रत एका ठिकाणी चुकली म्हणून ती सर्वत्र टाकाऊ ठरत नाही. आणि ती सुवाच्य आहे म्हणून सर्वत्र ग्राह्यही ठरत नाही.

९. ताळा म्हणजे प्रत नव्हे

ताळ्याचे सामर्थ्य पाहिले. आता त्याची मर्यादा पाहू. ताळा एखाद्या डिस्कच्या बिघाडापासून रक्षण करतो. परंतु कोणी चुकून फाइल पुसली तर ती चारही डिस्कांवरून एकाच क्षणी पुसली जाते व ताळा त्या पुसण्याचीही इमानाने नोंद करतो. आग, पूर, चोरी व भूकंप यांपुढे तर सारी पेटीच एक वस्तू होय. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपुरास भूकंपाचा जो धक्का बसला, त्यात घरे कोसळून मनुष्यहानी झाली. अशा प्रसंगी एका खोलीतील चार डिस्कांचे भवितव्य चार निरनिराळे नसते.

२१ जून २०१२ रोजी मुंबईच्या मंत्रालयास लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले, मनुष्यहानी झाली व असंख्य कागदी नस्ती भस्मसात झाल्या. अशा नस्ती पुन्हा उभ्या करावयाच्या त्या इतर कार्यालयांत राहिलेल्या प्रतींच्याच आधाराने. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियातील देजॉन येथील शासकीय संगणक-केंद्रास आग लागली. तेथील ‘जी-ड्राइव्ह’ या साठवणीत शासकीय कर्मचाऱ्यांची ८५८ टेराबाइट माहिती होती. साठवण फार मोठी म्हणून तिची प्रत अन्यत्र ठेविली नव्हती. ती माहिती नष्ट झाली.

यावरून जाणते लोक ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात : प्रत्येक महत्त्वाच्या फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. घमापूरच्या वाचनालयाने आपली एक प्रत नागपूरच्या एखाद्या वाचनालयात ठेविली व त्यांची एक आपल्याकडे ठेवून घेतली, तर खर्च थोडा व लाभ दोघांचाही होईल. वर्षातून दोनदा त्या प्रतीतील काही फायली उघडून पाहाव्यात. कारण जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, ती प्रत आहे असे म्हणता येत नाही.

तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या गेल्या व त्या तरून वर आल्या, असे परंपरा सांगते. श्रद्धेचा भाग निराळा ठेवला तरी एक गोष्ट खरी आहे : ते अभंग तोवर अनेकांच्या कंठी बसले होते. जे अनेक ठिकाणी राहते ते सहसा बुडत नाही.

१०. अभ्यास

(१) चार मित्रांनी प्रत्येकी चार बिटांची एक ओळ लिहावी व पाचव्याने ताळा काढावा. मग कोणाही एकाची ओळ झाकून ती इतरांवरून परत मिळवा.

(२) तीन आकड्यांची साधी बेरीज ७० आहे. एकपट, दुप्पट व तिप्पट घेऊन केलेली बेरीज १५५ आहे. पहिला आकडा १५ असल्यास उरलेले दोन काढा. (उत्तर : २५ व ३०.)

(३) पाठातील दोन चौरस वापरून, स्तंभ १ व दुसऱ्या चौरसातील अंक ३ एवढेच ठाऊक असताना ओळ व पहिल्या चौरसातील अंक शोधा. (उत्तर : ओळ ३, अंक ३.)

(४) आपल्या शाळेतील किंवा वाचनालयातील कोणते दस्तऐवज एकाच ठिकाणी आहेत याची यादी करा, आणि त्यांची दुसरी प्रत कोठे ठेवता येईल याचा विचार करा.